गलता रंधा ते राउटरचे बिट : लातूर परिसरातील सुताराची धार

फळीची तीक्ष्ण कड मोडून तिला गोलाई देणे, चौकटीला खाच पाडणे, दाराच्या पट्टीवर नक्षीची रेघ उठवणे ही सुतारकामातील अखेरची आणि म्हणून किरकोळ मानली जाणारी कामे होत. परंतु ज्या हत्याराने ती केली जातात त्याचा मागोवा घेतला, तर लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील सुताराच्या धंद्याची शतकभरातील बहुतेक वळणे त्यात सापडतात. आज हे काम राउटर नावाच्या विजेच्या यंत्रावर होते. या यंत्राच्या उभ्या मोटरीच्या टोकाला एक लहान पाते बसवलेले असते, ते मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते आणि पात्याचा जो आकार असेल त्याचा ठसा लाकडात उमटतो. या पात्यालाच कारागीर बिट म्हणतात. लातूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत आणि घरपोच माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांकडे बारा किंवा पंधरा बिटांचा स्वस्त संच सहज मिळतो, आणि तो घेणारा माणूस पुष्कळदा रोज लाकडाला हात लावणारा नसतो. वर्षाकाठी दोन-चार चौकटी आणि एखादा दिवाण करणारा गावचा सुतार किंवा सुटीत हौसेने कपाट जोडणारा नोकरदार, असेच त्याचे स्वरूप असते. स्वस्त बिट घ्यावे की नाही, हा प्रश्न अशा माणसापुढे उभा राहतो तो लाकूडकामच प्रासंगिक झाल्यामुळे, आणि ते प्रासंगिक कसे झाले हे समजण्यासाठी या भागाची जमीन, जुनी घरे आणि १९९३ चा भूकंप यांच्याकडे वळावे लागते.

लातूर जिल्हा हा मांजरा, तेरणा आणि मन्याड यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा, ज्वारी-तुरीचा आणि अलीकडे सोयाबीनचा प्रदेश असून त्याच्या क्षेत्रफळात वनांचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. इमारती लाकूड येथे पिकतच नाही असे म्हटले तरी चालेल. बांधावरची बाभूळ, घराजवळचा लिंब, आमराईतला वठलेला आंबा आणि चिंच एवढ्यावर गावचा सुतार आपली नित्याची कामे भागवीत असे, कारण नांगर, वखर, तिफण, कुळव, जू आणि गाडीचे आरे यांना बाभळीचे चिवट लाकूड उत्तम चालते. घराच्या खांबांना आणि चौकटींना मात्र साग लागे, आणि तो बाहेरून आणावा लागे. या भागाला जवळचे असे सागाचे जंगल म्हणजे पैनगंगेच्या अंगाचे किनवट-माहूरचे. त्यांपैकी किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. नांदेडच्या सुताराला हा साग तुलनेने हाताशी होता, तर लातूर, औसा, निलंगा या बाजूंना तो दूरचा आणि महाग पडे. सागाची फळी वाया घालवणे परवडत नसल्यामुळे येथील जुन्या कामात नक्षी ठरावीक ठिकाणीच आढळते, म्हणजे दर्शनी दाराच्या गणेशपट्टीवर, खांबाच्या माथ्यावरील हस्तांवर आणि फार तर कडीपाटाच्या कडेला. उरलेले लाकूड तासून गुळगुळीत केलेले पण साधे असते. जुन्या वाड्यांचे कौतुक करणारे लेखन बहुधा या कोरीव भागापाशी थांबते, पण सुताराचे खरे कसब न कोरलेल्या, केवळ सरळ आणि काटकोनात असलेल्या लाकडांतच दिसून येते.

गावगाड्यातील सुताराचे स्थान सुपरिचित आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन आहे, तीत सुताराची गणना अधिक वाटा मिळणाऱ्या पहिल्या ओळीत होते, कारण शेतीची औते त्याच्यावाचून चालत नाहीत. कुणब्याच्या औतांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य घ्यायचे, असा हा व्यवहार होता. नवी गाडी किंवा नवे घर यांचे मोल वेगळे ठरे. लातूर-नांदेड भागाचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सुतार, लोहार, सोनार, तांबट आणि पाथरवट या पाच कारागिरांना विश्वकर्म्याची पाच अपत्ये मानणारी पांचाळ परंपरा या भागात बळकट असून पांचाळ हे आडनावही येथे गावोगाव आढळते. अनेक गावांत लाकडाचे आणि लोखंडाचे काम एकाच घराण्यात, कधी एकाच माणसाकडे असे. त्यामुळे हत्याराचा लाकडी भाग आणि त्याचे पाते ही दोन्ही एकाच अंगणात तयार होत, आणि बलुत्याच्या हिशेबात हत्यारासाठी वेगळा रोख खर्च धरावा लागत नसे.

पाते करण्याची रीत पाहिली म्हणजे या व्यवस्थेची काटकसर ध्यानात येते. झिजून गुळगुळीत झालेली कानस टाकून देत नसत. तिचे पोलाद उत्तम प्रतीचे असल्याने भट्टीत तापवून, ठोकून तिचेच पाते किंवा पटाशी करीत. पुढे मोटारगाड्या आल्यावर त्यांच्या कमानींचे मोडके पाटेही याच कामी आले. तापून लाल झालेले पाते पाण्यात बुडवले की ते काचेसारखे कठीण पण ठिसूळ होते, म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर धरून, घासलेल्या पृष्ठभागावर गव्हाळी रंग चढला की काढून घेत. हा रंग साधारण सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास येतो, आणि कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ तेथे बसतो. पात्याला पाणी देणे म्हणतात ते हेच. उष्णतामापक नसताना केवळ रंगावरून हा क्षण ओळखणे ही ज्ञानाची बाब होती, आणि हे ज्ञान विकत मिळत नसून घरात शिकूनच येत असे.

कडेला आकार देणाऱ्या रंध्याला गलता रंधा म्हणतात. साध्या रंध्याचा तळ सपाट असतो. गलता रंध्याचा तळच नक्षीच्या उलट्या आकाराचा कोरलेला असून त्यातून डोकावणाऱ्या पात्याची धारही त्याच वळणाने घासलेली असते. पाते लाकडी पाचरीने घट्ट बसवून रंधा फळीच्या कडेवरून पुढे ढकलला की प्रत्येक फेरीला एक पातळ कात निघते आणि दहा-वीस फेऱ्यांत कड हव्या आकाराची होते. फुगीर आकाराचा गोला आणि खोल आकाराचा गलता अशी जोडी असली, की दोहोंच्या मिळणीतून बहुतेक नक्षी काढता येते. गावच्या सुताराकडे असे दोन-तीनच रंधे असत, तर वाड्यांची कामे करणाऱ्या कारागिराच्या पेटीत त्यांची संख्या बरीच मोठी असे. प्रत्येक नवी नक्षी म्हणजे एक नवा रंधा, आणि तो मालकाच्या आवडीनुसार त्या कामापुरता घडवलेलाही असू शके. यामुळेच एका गावातील दाराची पट्टी शेजारच्या गावातील पट्टीशी तंतोतंत जुळत नाही. युरोपातही असेच होते, फरक इतकाच की इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून रंधे घडवून विकणारे स्वतंत्र कारखानदार निर्माण झाल्याने तेथील नक्षी लवकर ठरावीक झाली. पुढे १८८४ मध्ये अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने बदलत्या पात्यांचा एकच धातूचा रंधा बाजारात आणला. एक धड आणि अनेक पाती, ही राउटरच्या संचामागची कल्पना तेथपर्यंत मागे जाते.

ज्या घरांसाठी ही हत्यारे राबत त्यांची रचना समजल्याशिवाय पुढचा भाग कळणार नाही. मराठवाड्यातील सधन शेतकऱ्याचे घर माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे असे. दगडी उथळ्यावर लाकडी खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट किंवा बारीक लाकडांचे किलचन, त्यावर पाला आणि सर्वांत वर गावठाणातील पांढऱ्या मातीचा फूट-दोन फूट जाडीचा थर, अशी ही उतरंड होती. चार खांबांमधील जागेला खण म्हणतात आणि घराचे मापही खणांतच सांगितले जाई; बारा खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला त्याचा ऐसपैसपणा आणि घरमालकाची ऐपत दोन्ही कळत. भोवतीच्या भिंती दगड-मातीच्या, दोन ते चार फूट जाडीच्या असत. छताचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर येत असल्याने सुतार हाच या घराचा खरा बांधणारा ठरे, आणि चौकट उभी करताना नारळ फोडून त्याचा मान केला जाई तो या जबाबदारीमुळे. पांढऱ्या मातीचे छत दरसाल पावसाळ्यापूर्वी नव्याने माती घालून दाबावे लागे. जुन्या थरावर नवा थर चढत जाऊन छत पिढ्यान्‌पिढ्या जड होत गेले, याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष गेले नाही.

निजामाच्या राजवटीत या भागाचा बाहेरच्या बाजाराशी असलेला संबंध नियंत्रित होता. हैदराबाद संस्थानाच्या सीमेवर करोडगिरी नावाचे जकात खाते होते, आणि सोलापूर-बार्शीकडून येणाऱ्या मालाला त्याच्या नाक्यांवरून जावे लागे. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आला, तेव्हा कुर्डुवाडीला मुंबईच्या मोठ्या मार्गाशी जोडणी मिळाली आणि लाकूड, लोखंड, खिळे, बिजागऱ्या अशा जड मालाला बैलगाडीपेक्षा सोपी वाट मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ मध्ये, गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली आणि तिच्यापासून निघणाऱ्या सोळा रस्त्यांवर एकेका जिनसाची पेठ वसत गेली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या या आराखड्याने लातूरची व्यापारी ओळख पक्की केली. नांदेड त्याआधीच, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, हैदराबाद-मनमाड मार्गावर आले होते. बाजार असा जवळ आला तरी सुताराच्या पेटीत प्रथम शिरली ती पटाशी, करवत आणि कानस यांसारखी तयार पोलादी हत्यारे. गलता रंधा मात्र पुढेही बराच काळ घरचाच राहिला, कारण नक्षी स्थानिक होती आणि तिच्यासाठी तयार माल करणे कुणालाच फायद्याचे नव्हते. बाजाराने सुताराचे पहिले मोठे नुकसान केले ते नक्षीच्या नव्हे, औताच्या बाजूने. १९०३ मध्ये किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तो हळूहळू पसरत गेला, आणि बलुत्याचा जो पाया होता त्या लाकडी नांगराच्या दुरुस्तीला पहिला तडा गेला.

याच काळात दूर अमेरिकेत आणि जर्मनीत दोन शोध लागले, ज्यांचा परिणाम लातूरला पोहोचायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे आर. एल. कार्टर या साचेकाराने हातात धरून चालवण्याचा विजेचा राउटर तयार केला. न्हाव्याच्या विजेच्या केसकापणी यंत्राची मोटर वापरून त्याने पहिला प्रयोग केला असे सांगितले जाते. १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. दुसरा शोध पात्याच्या द्रव्याचा. साधे पोलाद तापले की मऊ पडते. १९०० च्या सुमारास टेलर आणि व्हाइट यांनी विकसित केलेले हायस्पीड पोलाद सुमारे सहाशे अंशांपर्यंत आपली धार राखते. आणि १९२३ मध्ये कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची अत्यंत कठीण भुकटी कोबाल्ट या धातूत बांधून जो पदार्थ केला, तो या दोहोंच्या पलीकडे गेला. क्रुप कंपनीने तो काही वर्षांतच ‘विडिया’ या नावाने, म्हणजे हिऱ्यासारखा अशा अर्थाने, विकायला काढला. कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ आणि महाग असल्याने सबंध बिट त्याचे न करता पोलादी धडावर त्याची लहान पत्ती झाळून, म्हणजे पितळी किंवा चांदीमिश्रित धातू वितळवून, जोडतात. स्वस्त आणि चांगल्या बिटांतील निम्मा फरक या झाळणीत दडलेला असतो.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. या काळात सुताराच्या धंद्याला उतरती कळा लागली ती कोणत्याही एका कारणाने नव्हे. १९७२ च्या दुष्काळात खळ्यावर धान्यच नसल्याने बलुते मोडकळीस आले. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायरांची गाडी आली आणि तिच्यामागून ट्रॅक्टर. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने झाड पाडण्यावर निर्बंध आले, तर साग दरवर्षी अधिक महाग होत गेला. ज्यांना जमले ते पुणे, सोलापूर, हैदराबादकडे गेले. मागे राहिलेल्यांच्या हाती उरले ते घरबांधणीचे आणि चौकटीचे काम, आणि त्याचाही कणा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोडला.

किल्लारीच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि ती मुख्यतः घरांखाली दबून दगावली. दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर एकमेकांत गुंफलेले नव्हते, त्यामुळे त्या फुगून कोसळल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेल्या मातीचे छत वरून आले. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना मात्र असेही आढळले की जेथे छत भिंतीवर न टेकता पूर्णपणे खांबांवर उभे होते, अशा खणांच्या घरांत भिंती पडूनही लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला आणि आतली माणसे वाचली. म्हणजे ज्या बांधणीला सरसकट मरणाचा सापळा ठरवले गेले, तिच्यातील सुताराचा भाग तुलनेने निर्दोष होता. त्याला कोपऱ्यांत तिरपे आधार आणि डोक्यावर हलके छत मिळाले असते, तर निकाल वेगळा लागला असता. पुनर्वसनाच्या मार्गदर्शक सूचनांत असे तिरपे आधार लावण्याची आणि छतावरची माती कमी करण्याची पद्धत पुढे सांगितलीही गेली. पण लोकांच्या मनात दगडाची आणि माळवदाची जी धास्ती बसली तिच्यापुढे या सूचना टिकणे कठीण होते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, जमिनीच्या धारणेनुसार अडीचशे, साडेचारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची सिमेंटची घरे मिळाली, आणि ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथेही माळवद उतरवून पत्रा घालण्याकडे कल वाढला. घराचे माप खणांत सांगणारी भाषा एका पिढीत चौरस फुटांवर आली. सिमेंटच्या घरात खांब, तुळई आणि कडी यांपैकी काहीच सुताराचे नसते; त्याच्याकडे दार आणि खिडकी राहते, आणि खिडकीही लवकरच लोखंडी व ॲल्युमिनियमची झाली.

लाकूडकाम संपले असे मात्र झाले नाही. ते घराच्या सांगाड्यातून घरातील सामानात सरकले, आणि सामान प्लायवूडचे झाले. लातूर शहर शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे वाढत होते, वसतिगृहे, शिकवणी वर्ग आणि नवे बंगले यांना कपाटे, टेबले, पलंग हवे होते, आणि हे काम करायला राजस्थानी आणि उत्तर भारतीय कारागीरही आले. प्लायवूडचे पदर ज्या कृत्रिम राळेने चिकटवलेले असतात ती पोलादी धार फार लवकर बोथट करते, आणि त्यावर चढवलेला सनमायका त्याहून कठीण. घरच्या पात्याचा गलता रंधा येथे दोन फेऱ्यांत निरुपयोगी ठरतो. विजेचा राउटर आणि कार्बाइडची पत्ती यांची गरज जी युरोप-अमेरिकेत उत्पादनाच्या वेगासाठी निर्माण झाली, ती मराठवाड्यात द्रव्य बदलल्यामुळे निर्माण झाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. तरीही ग्रामीण भागात हाताचा रंधा तग धरून राहिला, त्याचे एक कारण भारनियमन हे होय. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांत दिवसाचे अनेक तास वीज नसे, आणि ज्याचे यंत्र विजेवर त्याचे काम विजेच्या वेळापत्रकावर. वीजपुरवठा सुधारला आणि ट्रिमर नावाचा एका हातात मावणारा छोटा राउटर स्वस्त झाला, तेव्हा गलता रंधा खुंटीला टांगला गेला.

बारा बिटांचा स्वस्त संच पुष्कळदा एखाद्या नामांकित कंपनीच्या एका बिटाच्या किमतीतही मिळतो, आणि नेमकी येथे प्रासंगिक काम करणाऱ्याची अडचण सुरू होते. संचात बिटे बारा असली तरी त्याला खरोखर लागणारी तीन-चारच असतात: खाच पाडणारे सरळ बिट, कड गोल करणारे बिट, काचेची किंवा पाठीची फळी बसवण्यासाठी रिबेट पाडणारे बिट, आणि सनमायकाची वाढलेली कड फळीबरोबर कापणारे बेअरिंगचे बिट. उरलेल्या बिटांची नक्षी पाहायला आकर्षक असली तरी ती बहुधा डब्यातच राहते. सरळ बिट हे सर्वांत जास्त राबते आणि सर्वांत आधी बोथट होते, म्हणून तेवढे एक चांगल्या प्रतीचे घेऊन बाकीचे स्वस्त घेणे हे व्यवहाराला धरून आहे. क्वचित वापरायच्या नक्षीसाठी महाग बिट घेणे हा पैशाचा अपव्यय ठरतो. गावच्या जुन्या सुताराने दोन-तीन गलत्यांवर आयुष्य काढले तेही अशाच हिशेबाने.

स्वस्त बिटात काय पाहायचे हे मात्र जपून ठरवावे लागते, कारण येथे चूक झाली तर केवळ लाकूड खराब होत नाही. बिटाच्या दांड्याला शँक म्हणतात आणि ती ज्या पकडीत बसते तिला कॉलेट. भारतीय बाजारात सहा मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, अशा दोन्ही मापांच्या शँका शेजारी शेजारी विकल्या जातात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण सहाची शँक पाव इंची कॉलेटमध्ये बसवली तर ती पुरेशी आवळली जात नाही आणि फिरत्या यंत्रातून बिट निसटू शकते. शँक कॉलेटमध्ये किमान तीन चतुर्थांश आत असावी, मात्र तळाला टेकलेली नसावी, म्हणजे आवळताना तिला सरकायला दोन-तीन मिलिमीटर जागा राहते. पन्नास मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला बावीस हजार फेरे घेऊ लागले तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे अठ्ठावन्न मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. म्हणून मोठ्या बिटांना वेग कमी ठेवावा लागतो, आणि ज्या ट्रिमरचा वेग बदलता येत नाही त्यावर मोठे बिट लावूच नये. यानंतर पाहायची ती कार्बाइडची पत्ती: ती जाड आहे का, झाळणीची रेघ सलग आहे का, त्यात पोकळी दिसते का, दोन्ही पत्त्या एकाच उंचीवर आहेत का. बेअरिंग बोटाने फिरवून ते अडखळते का हेही पाहावे. हे सगळे दुकानात, उजेडात धरून, दोन मिनिटांत कळते. बंद खोक्यातून घरपोच येणाऱ्या संचात ती सोय नसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत सुताराचा समावेश असून तीत प्रशिक्षणकाळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, पाच टक्के व्याजाने टप्प्याटप्प्याने एक आणि दोन लाखांचे कर्ज आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. ही योजना १७ सप्टेंबरला सुरू झाली, जो दिवस उत्तर भारतात विश्वकर्मा पूजेचा तर मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचा आहे. येथील पांचाळ समाज मात्र आपल्या विश्वकर्म्याची जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला करतो आणि हत्यारांची पूजा खंडेनवमीला. बलुत्यात जो हत्याराचा खर्च कधी वेगळा मोजला गेला नाही, त्याला आता सरकारी हिशेबात स्वतंत्र रकाना मिळाला आहे, यातून हत्यार कारागिराच्या घरातून किती दूर गेले हे कळते. परंतु पंधरा हजारांत हत्यार येते, त्याला धार लावण्याची सोय येत नाही, आणि या भागात कार्बाइडला धार लावून देणारी दुकाने मोठ्या शहरांपलीकडे क्वचितच आहेत. त्यामुळे बोथट झालेले स्वस्त बिट टाकून नवे आणणे ही रूढी होत चालली आहे.

ती अपरिहार्य नाही. कार्बाइड साध्या दगडावर घासले जात नाही, त्याला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते, आणि अशी पट्टी स्वस्त संचाच्या किमतीत मिळते. आधी बेअरिंग काढून पत्तीवर बसलेली राळ केरोसीनने किंवा तत्सम द्रवाने पुसून काढावी, मग पट्टी ओली करून पत्तीचा केवळ सपाट, आतल्या बाजूचा भाग तिच्यावर टेकवून मोजके हात मारावेत, आणि एका पत्तीला जितके तितकेच दुसरीला. नक्षीचा उतरता भाग घासायचा नाही, कारण तो बदलला की बिटाचा आकार बदलतो. गलता रंध्याचे पाते लावणाऱ्याचीही काळजी हीच असे, की वळणाला धक्का न लागता धार यावी. मोजकेच हात मारून थांबणे आवश्यक असते, कारण पत्ती पातळ असते आणि बिटाचा व्यासही प्रत्येक वेळी किंचित घटतो. सनमायका छाटणाऱ्या बिटाचा व्यास बेअरिंगपेक्षा कमी झाला तर फळीला बारीक कड उरू लागते, आणि तेथपासून पुढे ते बिट इतर कामाला चालते, त्या कामाला चालत नाही.